क्रमांक एकेचाळीस आणि येळवशीची आंबील

इरा आणि निहार,

मागच्या रविवारी फोनवर निहारने विचारलं, "आजी, तू कुत्र्यांची टॅक्सी चालवतेस का?" मी हसून विषय बदलला, कारण आदल्याच दिवशी मी एका फेरीवरून परत आले होते आणि जे झालं ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. आता आठवडा झाला. गाडी धुऊन झाली, वही समोर आहे. तेव्हा क्रमाने सांगते.

आधी कामाविषयी. परभणीत आम्ही सहा-सात जण मिळून गाडीखाली आलेली, आजारी पडलेली, कोणी सोडून दिलेली कुत्री शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतो. डॉक्टर त्यांना बरी करतात आणि मग ज्यांना हवी असतील त्यांच्या घरी ती पोचवायची. पोचवण्याचं काम माझ्याकडे आहे. मला गाडी चालवता येते, कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून वेळ आहे, आणि तुमच्या आजोबांच्या मते मला घरी बसवलं तर मी मसाल्याचे डबे वर्णानुक्रमे लावत बसते. गाडीची मागची सीट काढून तिथे दोन पिंजरे बसवले आहेत. वहीत प्रत्येक कुत्र्याचा क्रमांक, लसींच्या तारखा, सवयी आणि नव्या घराचा पत्ता असतो. नावाचा रकाना नाही. नाव ठेवण्याचा हक्क नव्या घराचा, असा माझा नियम आहे. शिवाय एकदा नाव ठेवलं की सोडून येणं जड जातं, हे मी पहिल्या वर्षीच शिकले.

या फेरीत दोघं होती. एकोणचाळीस हा काळा, धिप्पाड, शांत कुत्रा पाथरीला जायचा होता. एकेचाळीस ही बदामी रंगाची लहानखुरी कुत्री राणीसावरगावला. एकेचाळीसविषयी नीट सांगायला हवं. पिल्लू असताना तिला डिस्टेंपर नावाचा आजार झाला होता. शंभरातली बरीच पिल्लं त्यात जातात, ती वाचली, पण जाताना तो आजार तिच्या जबड्यात एक झटका ठेवून गेला. दर काही सेकंदांनी तिचं तोंड आपोआप उघडझाप करतं आणि मान एका बाजूला हिसका घेते. तिला त्याचा त्रास नाही. त्रास पाहणाऱ्याला होतो, कारण आपल्याकडे कुत्र्याचं तोंड असं हललं की पहिला शब्द येतो तो "पिसाळलंय". दोन घरांनी तिला आठवड्याच्या आत परत पाठवलं होतं. शेजारी दगड मारतात, असं दोघांनीही सांगितलं. शेडमध्ये जागा उरली नव्हती. माझ्याकडे आधीच दोन म्हातारी कुत्री आहेत आणि त्यांतल्या एकाने हिला कान फाटेपर्यंत चावलं होतं. राणीसावरगावचे ज्ञानोबा कामासाठी परभणीला आले असताना स्वतः शेडवर येऊन तिला पाहून गेले होते. झटका पाहून ते म्हणाले, आमच्या म्हशीचं पण शिंग वाकडं हाय, दूध वाकडं न्हाई. तिसरं घर मिळालं होतं ते असं. तेही गेलं, तर मला चौथं माहीत नव्हतं.

पाथरी

माझ्यासोबत नेहमीप्रमाणे सुमन होती. तुम्ही तिला ओळखता. निहारला लहानपणी ताप आला तेव्हा रात्रभर बसलेली आमची शेजारीण. जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत तिने तीस वर्षं नर्स म्हणून काढली. कुत्र्याला गोळी देण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. गुळाच्या खड्यात गोळी दाबते आणि "घ्या साहेब, चहापाणी" म्हणून पुढे करते.

पाथरीला एकोणचाळीस एका पिठाच्या गिरणीवाल्यांकडे जायचा होता. आम्ही पोचलो तेव्हा गिरणी चालू होती आणि तो आवाज ऐकताच एवढं मोठं कुत्रं गाडीच्या मागच्या चाकाशी जाऊन बसलं. ओढलं तरी हलेना. दळण घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका हसायला लागल्या. हा काय राखण करणार, गिरणीलाच भितोय, असं एक म्हणाली. मी वहीत "मोठ्या आवाजाची भीती?" असं लिहिलं आणि मनातल्या मनात परतीचा रस्ता मोजला. गिरणीवाल्यांनी मात्र सरळ जाऊन पट्टा उतरवला. गिरणी थांबली. रांग कुरकुरली. ते म्हणाले, "आज पाव्हणा आलाय. पीठ उद्या बी मिळंल." मग पिठाने पांढरे झालेले हात पुढे करून ते जमिनीवर बसले, आणि दहा मिनिटांनी एकोणचाळीस ते हात चाटत होता.

तुमच्याकडे परदेशात कुत्रं दत्तक घ्यायचं तर आधी अर्ज, मग मुलाखत, मग घराची पाहणी, असं इराने सांगितलं होतं. मलाही तसंच करायला आवडलं असतं. इथे माणूस गिरणी बंद करतो का, एवढं पाहता येतं. मी प्रश्नचिन्ह खोडलं.

सोनपेठ

मुक्काम सोनपेठला सुमनच्या बहिणीकडे होता. संध्याकाळी बाजारातून गाडी काढताना जीव मेटाकुटीला आला. चिंच, पालेभाज्या, हिरव्या तुरीच्या शेंगा, वाटाणे, आणि जागोजाग मातीच्या मडक्यांचे ढीग. चुन्याचे पट्टे ओढलेली लहान मडकी लोक दोन-दोन घेऊन चालले होते. एवढ्या थंडीत मडकी कोण घेतं, असं मला वाटलं. वाटलं, पण विचारलं नाही. शिक्षकांचा हा दोष असतो. चाळीस वर्षं प्रश्न विचारून उत्तरं ऐकण्याची सवय झालेली असते, स्वतःला न समजलेलं विचारण्याची नाही.

सुमनच्या बहिणीचे यजमानही माझ्यासारखे निवृत्त शिक्षक. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खाली पुस्तकांची नीट लावलेली फळी. ती पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी असं जेवण झालं. एकेचाळीस अंगणात बांधली होती. गुरुजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले की दोन महिन्यांमागे पलीकडच्या शिवारात एका पिसाळलेल्या कुत्र्याने तीन माणसं चावली. तेव्हापासून लोक आधी काठी घालतात, मग बघतात. "मॅडम, हिला मोकळी सोडू नका. एक मिनिट पन न्हाई."

मी म्हणाले, माझ्या हातून अजून एकही सुटलेलं नाही. हे वाक्य मला त्यानंतर पुष्कळदा आठवलं.

राणीसावरगाव

सकाळी सोनपेठहून गंगाखेडमार्गे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ज्वारी छातीपर्यंत आलेली, मध्ये करडईची काटेरी शेतं, तुरीच्या पट्ट्या. त्या दिवशी रस्त्यावर एकही एसटी भरलेली दिसली नाही, पण बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली मात्र घरच्या घर लादून चालल्या होत्या. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, आणि टोपलीत ती मडकी. सुमन खुशीत होती. सकाळी तिने काही खाल्लंही नव्हतं.

पावणेबाराला आम्ही ज्ञानोबांच्या दारात होतो. दाराला कुलूप. शेजारच्या दाराला कुलूप. त्याच्या शेजारी कुलूप. गल्लीत माणूस नाही. मी फोन लावला, तो लागेना. शेवटी एका ओट्यावर घोंगडी पांघरून बसलेले एक आजारी आजोबा दिसले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"कुलपं काय बघायलाव बाई? येळवस हाय. सगळं गाव शिवारात गेलंय."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. हा शब्द मला चाळीस वर्षं माहीत होता. त्या दिवशी माझा वर्ग रिकामा असायचा आणि मी सरसकट गैरहजेरी मांडायचे. मी विदर्भातली, लग्न होऊन परभणी शहरात आले, आमची शेती नाही. त्यामुळे या अमावस्येला गंगाखेड-सोनपेठच्या बाजूचं गाव गावात नसतं, सकाळपासून अंधार पडेपर्यंत शेतात असतं, हे मला नुसतं ऐकून ठाऊक होतं. माझी डायरी इंग्रजी तारखांची. ज्ञानोबांना फोनवर तारीख सांगितली तेव्हा ते म्हणाले होते, लय चांगला दिस निवडलात, सगळे असतोत आमी. मी वहीत लिहिलं होतं: "सर्वजण घरी."

मी सुमनकडे वळले. ती म्हणाली, "मला वाटलं, तुमी मुद्दाम आजचा दिस धरला. जेवायला."

आजोबांनी शेताची खूण सांगितली: ओढा ओलांडून गाडीवाट, मोठी चिंच, पुढे डाव्या हाताला. चिंचेपाशी गाडीवाट इतकी अरुंद झाली की गाडी पुढे जाईना. गाडी सावलीत लावली. एकेचाळीसला झटक्यावरची बाराची गोळी द्यायची होती. सुमनने गूळ पुढे केला, मी पिंजऱ्याची साखळी काढून गोळी दिली, पाणी दिलं आणि दार लावलं. साखळी मी डॅशबोर्डवर नीट गुंडाळून ठेवली. दाराला नुसती कडी राहिली.

तेवढ्यात चिंचेपलीकडच्या शेतातून हाका यायला लागल्या. येळवशीला शेतात कडब्याची एक छोटी झोपडी करतात, तिला खोप म्हणतात. आत पाच दगड मांडून त्यांची पूजा होते, ते पांडव. पूजेनंतर सगळे तिथेच जेवायला बसतात आणि वाटेने जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारतात. ओळख लागत नाही. नाही म्हणायचं नसतं. तुमच्याकडे मोठ्या सणाला माणसं दारं लावून आपापल्या घरात जेवतात, हे मी तुमच्याकडे आले होते तेव्हा पाहिलं. तेही छान होतं. इथे त्या दिवशी दारच नसतं.

मी घड्याळ दाखवलं. सुमनने माझा दंड धरला आणि दातांतून म्हणाली, "बसा. दोन घास खा. आज न्हाई म्हनलं तर शिवी दिल्यावानी हाय."

बसले. सोजराबाई नावाच्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या आजी वाढत होत्या. भज्जी म्हणजे सगळ्या पालेभाज्या, शेंगा, वाटाणे बेसनात आणि चिंचेच्या कोळात शिजवलेलं दाट कालवण. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं हे पांढरं, आंबट, पातळ पेय त्याच चुन्याच्या पट्ट्यांच्या मडक्यातून देतात. मडकी कोण घेतं, ते कळलं. जेवण फार चांगलं होतं आणि मला त्यातलं काहीच लागत नव्हतं, कारण माझं लक्ष गाडीकडे होतं. मी तोंड फिरवलं ते एकदाच, खीर नको म्हणायला. परत पाहिलं तर सोजराबाई पदराआड दोन उंडे घेऊन गाडीशी पोचल्या होत्या.

मी उठेपर्यंत त्यांनी मागचं दार वर केलं होतं आणि पिंजऱ्याची कडी काढली होती. एकेचाळीस त्यांच्या हाताखालून निघाली आणि ज्वारीत शिरली. ज्वारीचे शेंडे एका रेषेत हलत गेले आणि मग हलायचे थांबले.

सोजराबाई हातातल्या उंड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आजच्या दिशी कोंडून कोन जेवतंय का? म्हनून काढली."

मला त्यांच्यावर रागवता आलं नाही. साखळी डॅशबोर्डवर होती.

शिवार

आता हाक मारायची. आणि तिथे मला कळलं की माझ्याजवळ हाक नाही. मी ज्वारीच्या कडेला उभी राहून "ये, ये" म्हणत होते, जे जगातलं कुठलंही कुत्रं ऐकत नाही. एकेचाळीस म्हणून कशी ओरडणार? सुमन माझ्या मागून पुढे आली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि मोठ्याने हाळी दिली, "ठमेऽ, ए ठमेऽ."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"आसं बघू नका," ती म्हणाली. "शेडवर मी हिला ठमीच म्हनते. तुमचा नियम तुमच्या वहीत ऱ्हाऊ द्या."

ज्वारीतून काही आलं नाही. आम्ही बांधाबांधाने निघालो. सोजराबाई चपला हातात घेऊन आमच्या पुढे. प्रत्येक खोपीपाशी तोच प्रकार: आधी "या, जेवा", मग आमचा प्रश्न, मग उत्तर. पहिल्या खोपीवर कळलं, बदामी कुत्रं आलं होतं, उंडा खाऊन गेलं. दुसऱ्या खोपीवर कळलं, भज्जीच्या पातेल्यात तोंड घालत होतं, हाकललं, ते नाल्याकडे गेलं. तिसऱ्या खोपीवर एका बाईने विचारलं, "त्येच का, तोंडाला फेस आलेलं?"

फेस. औषधाचा काही परिणाम? खरंच काही झालं असेल? लस तर दिलेली होती. सगळे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखांच्या क्रमाने, चिंचेखाली गाडीत होते. ती बाई पुढे म्हणाली की तिच्या घरचे गडी काठ्या घेऊन त्याच्याच मागे गेलेत.

मग आम्ही पळालो. मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. काळ्या मातीच्या ढेकळांत पळणं म्हणजे दर पावलाला पाय मुरगळण्याची सोय. एकदा पडले. चष्मा सापडला. ऊन कलायला लागलं होतं. सोजराबाई धापा टाकत सांगत होत्या की दिवस मावळला की कडब्याचा पेटता पेंढा, ज्याला हेंडगा म्हणतात, तो घेऊन गडी शेताभोवती पळतात. साऱ्या शिवारात आग आणि आरडाओरडा होतो. तोवर कुत्रं नाही सापडलं तर ते जिथवर पाय नेतील तिथवर जाईल.

नाल्यापलीकडे हरभऱ्याच्या शेतात दहा-पंधरा माणसं अर्धगोल करून उभी होती. चौघांच्या हातात काठ्या, एकाच्या हातात फावडं. समोर खोप. एका तरुण बाईला दोघी धरून होत्या, आणि ती फक्त एवढंच म्हणत होती, "लेकरू आत हाय. माझं लेकरू आत हाय."

खोपीच्या आत लुगड्याची झोळी टांगली होती, तिच्यात बाळ झोपलं होतं, आणि झोळीच्या बरोबर खाली, पाच पांडवांच्या शेजारी, एकेचाळीस बसली होती. तोंडाभोवती पांढरा फेस. जबडा उघडत होता, मिटत होता. मान हिसके घेत होती. मी तिला रोज पाहत आले आहे, आणि त्या क्षणी मलाही ती पिसाळलेलीच दिसली. म्हणून त्या माणसांना मी दोष देत नाही.

मी म्हणाले, ही माझी आहे, हिला लस दिलेली आहे, मी आत जाते. फावडंवाला म्हणाला, मॅडम, चावली तर आमच्यावर येईल. खोपीचं तोंड इतकं खाली होतं की रांगत जावं लागलं. बाहेरून सुमनचा आवाज येत होता, अगदी साधा, दवाखान्यात लहान मुलांशी बोलावं तसा: "ठमे, बस. ठमे, बस." एकेचाळीसची शेपटी जमिनीवर एकदा आपटली. मी तिच्या पट्ट्यात बोटं घातली आणि तिला माझ्या अंगाखाली ओढून धरलं. मग बाळाची आई आत आली, झोळीतून बाळ उचललं आणि गेली. बाळ जागंसुद्धा झालं नाही.

"आता सरका बाजूला," फावडंवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता. एक काम उरलं होतं ते उरकायचं, इतकंच.

मी सरकले नाही. कोणीतरी म्हणालं, पाणी ठेवा तिच्यापुढं, पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं. वाडगं आत सरकवलं गेलं. सगळे वाकून बघायला लागले. मीही बघत होते. एकेचाळीसने पाणी हुंगलं आणि तोंड फिरवलं. बाहेर एक सुस्कारा झाला आणि काठ्या वर आल्या.

तेव्हा मला वास आला. आंबट. त्या फेसाचा वास. मी पदराच्या टोकाने तिचं तोंड पुसलं, तो पदर नाकाशी नेला, आणि नुसत्या वासावर ही माणसं विश्वास ठेवणार नाहीत हे कळत असल्यामुळे, जिभेला लावला.

असं तुम्ही कधीही करायचं नाही. मी तुम्हाला हात धुवायला वीस सेकंद मोजायला लावते ते तसंच चालू राहील. तिच्या लसी पुऱ्या झाल्या होत्या, त्या मी स्वतः वहीत लिहिल्या होत्या, आणि माझ्या स्वतःच्याच वहीवर मी विश्वास ठेवणार नसेन तर आणखी कोण ठेवणार होतं?

"आंबील आहे," मी म्हणाले. "पोट भरलंय तिचं, म्हणून पाणी पीत नाही. आंबीलच आहे. लसूण फार झालाय."

मग सोजराबाई आत वाकल्या, माझा पदर ओढून त्यांनीही हुंगला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"लसूण? मंग ही प्रयागची. साऱ्या शिवारात येवढा लसूण कोन घालतंय? दर येळवशीला सांगते तिला मी." आणि बांधाकडे तोंड करून, ज्या आवाजापुढे माझ्या वर्गातला मागचा बाकही गप्प बसला असता अशा आवाजात, त्यांनी हाक मारली, "ए प्रयागेऽ, तुझी आंबील कुत्र्याच्या तोंडाला लागलीय बग."

प्रथम एक बाई हसली. मग फावडंवाल्याने फावडं खाली टेकवलं.

ज्ञानोबांचं शेत

प्रयाग म्हणजे ज्ञानोबांची बायको. आम्ही ज्या घराचं कुलूप पाहिलं, त्या घरची. त्यांची खोप तिथून दोन शेतं पलीकडे होती. म्हणजे एकेचाळीस आमच्या आधीच, पत्ता न विचारता, तिथे जाऊन आली होती. दुर्दैवाने कशी, तेही कळलं: पिकाचा नैवेद्य म्हणून शेतात शिंपायला ठेवलेलं आंबिलीचं मडकं तिने आडवं केलं होतं.

एका गड्याकडून दोरी घेऊन मी ती एकेचाळीसच्या पट्ट्याला बांधली आणि आम्ही सगळे तिकडे गेलो, तर ज्ञानोबा मान खाली घालून उभे होते. शेडवर म्हशीच्या शिंगाचा विनोद करणारे ते हेच, पण आता भोवती सगळं शिवार उभं होतं. ते मला म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. येळवशीची आंबील सांडली. हिला ठिवलं अन् उद्या पिकाला काय झालं, तर लोक मला म्हनतील."

मी दोरीची गाठ हाताभोवती घट्ट केली आणि चिंच कुठल्या दिशेला आहे ते शोधायला लागले. एकेचाळीस माझ्या पायाशी टेकून बसली. जबडा उघडत होता, मिटत होता.

प्रयागबाई आतापर्यंत रिकामं मडकं हातात धरून बघत होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आंबील कशाला असती? शिवारात शिंपायला. हिनं तोंडानं गाळत गाळत चार बांध शिंपले. तुमी सकाळधरनं लिंबाखाली आडवे हाव. तुमी किती शिंपले?"

हसण्याचा जो आवाज झाला, त्यात ज्ञानोबांचाही होता. सोजराबाई तोवर स्वतःच्या खोपीवरून तांब्याभर आंबील आणायला निघाल्याच होत्या. लसणाशिवायची, हे त्यांनी जाता जाता दोनदा सांगितलं.

आम्ही हेंडग्यापर्यंत थांबलो. मला ते पाहायचं होतं, आणि एकेचाळीस ते कसं सोसते हेही. अंधारायला लागलं तसे दूरदूरच्या शेतांतून पेटते ठिपके धावायला लागले, हाळ्या उठल्या. ती थरथर कापायला लागली. प्रयागबाई खोपीच्या तोंडाशी बसल्या, तिला मांडीशी ओढली, तिच्या कानांवर पदर टाकला आणि म्हणाल्या, "ठमे, गप. आपलीच मानसं हायेत."

नाव मी सांगितलं नव्हतं. मी सुमनकडे बघितलं. ती आकाशाकडे बघत होती.

मी प्रयागबाईंना गोळ्यांच्या वेळा समजावल्या. कुत्र्याला लसूण देऊ नये, हेही जितक्या सौम्यपणे सांगता येईल तितकं सांगितलं. परत येताना मागचे दोन्ही पिंजरे रिकामे असतील असं मला वाटलं होतं, तर एकात झाकणाला फडकं बांधलेलं भज्जीचं पातेलं होतं. प्रयागबाईंनी ते स्वतः आत ठेवलं होतं, आणि साखळी लावायला त्या विसरल्या नव्हत्या.

ज्ञानोबांचा कालच फोन आला. ठमी जेवते, रात्री भुंकते, आणि बांधावरून जाणारे तिला नावाने हाक मारतात. वहीत मी एकेचाळीसच्या ओळीच्या शेवटी नाव लिहिलं. रकाना नव्हता, समासात लिहिलं.

पातेलं घासून ओट्यावर ठेवलंय. कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणजे काहीतरी भरून न्यायला मला जावं लागणार. काय न्यावं ते मी सुमनला विचारलं. ती म्हणाली, "काय बी न्या मॅडम. निघायच्या आधी तेवढी तिथी इचारा."